दोन सारख्या रेघा

मित्रांनो, मी एक जुनी सागवानी फळी आहे. खुर्च्यांच्या कारखान्यात एका मिस्त्रीने मला घडवले. माझ्या अंगावर त्याने बोटाला लागतील अशा दोन उठावदार रेघा कोरल्या. दोन्ही अगदी सारख्या, तीनदा पट्टी लावून मोजलेल्या. एकीच्या टोकांना बाणासारखी आत वळलेली पाती, दुसरीच्या टोकांना बेचक्यासारखी बाहेर उघडलेली. एवढ्यानेच बाणांची रेघ आखूड भासते आणि बेचक्यांची लांब.

मिस्त्रीने मला ताईसाठी बनवले होते. ताई जन्मापासून अंध. खुर्चीचे पाय सारखे झाले की नाही, हे ती पायाची दोन्ही टोके दोन हातांच्या चिमटीत धरून सांगे. नऊ वर्षांत तिच्या हाताखालून गेलेली एकही खुर्ची डगमगली नाही. मिस्त्री तिला धाकटी बहीण मानायचा. जेवणाच्या सुट्टीत त्याने मला तिच्या मांडीवर ठेवले. तिने एक बोट फिरवले आणि बेचक्यांची रेघ लांब असल्याचे सांगितले. मग चिमटीत धरून पाहिले, तर दोन्ही सारख्याच निघाल्या. त्यानेही कबूल केले, की पट्टी बाजूला ठेवली तर त्याचे डोळे तेच सांगतात. दोघे पोट धरून हसले. त्या दिवसापासून मी ताईच्या खणात सुखाने राहू लागले.

मग नवे साहेब आले. आंधळ्या बोटांवर त्यांचा भरवसा नव्हता. मिस्त्रीला मुकादमाची जागा हवी होती. ताईचे बोट चुकते हे दाखवून साहेबांना खूश करायला एका दुपारी त्याने मला खणातून उचलले आणि त्यांच्या टेबलावर नेऊन ठेवले.

ताईला बोलावले. साहेबांनी चिमटीत धरायला मनाई केली, फक्त एक बोट फिरवायचे. ताईने मला लगेच ओळखले. खोटे बोलून सुटता आले असते तिला.

"बोटाला ही लांब लागते," ती म्हणाली. "पण आहेत दोन्ही सारख्याच. दादा, तुमच्या डोळ्यांना कशा दिसतात, ते सांगा ना साहेबांना."

मिस्त्रीने माझ्याकडे पाहिलेही नाही.

"मला तर सारख्याच दिसतात," तो म्हणाला.

मित्रांनो, करवत अंगावरून गेली तेव्हाही मला इतके लागले नव्हते. दुसऱ्या दिवसापासून ताईचे काम सुटले. मी साहेबांच्या कपाटावर धूळ खात पडले. पुढे खुर्च्या डगमगू लागल्या, माल परत येऊ लागला, तरी ताईला कुणी बोलावले नाही.

वर्षभराने मुकादम झालेला मिस्त्री मला घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिने त्याला पाणी दिले, वहिनींची चौकशी केली. चुकलो, असे तो कसेबसे म्हणाला. ताईने मला हातात घेतले, पदराने पुसले, माझ्या दोन्ही रेघा चिमटीत धरून पाहिल्या.

"फळी राहू दे इथं," ती शांतपणे म्हणाली. "तुम्ही या आता."

मित्रांनो, बोट फसते, तसा डोळाही फसतो. त्यात लाज कसली? पण आपली फसगत जो खरेपणाने सांगतो, त्याला एकटे पाडू नका. त्याच्या शेजारी उभे राहून म्हणा, मलाही तसेच वाटले होते.