दोन बांधांमधली आळी

मधल्या आळीत नळ यायचा होता, पण कोणत्या गावातून, ते ठरत नव्हतं. खारपाडी आणि वडकूस, दोन्ही ग्रामपंचायतींचं म्हणणं एकच: आळी आमची नव्हे. सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात आळीची एकुलती एक विहीर खारी झाली, तेव्हा बायकांनी डॉमनिक मास्तरांना गाठलं. "मास्तर, आळीचा इतिहास लिहून द्या. निकाल तरी लागेल."

निवृत्तीनंतर मास्तरांनी पुष्कळ वाचलं होतं, लिहिलं काहीच नव्हतं. 'आळी मूळची वडकूसची,' त्यांनी लिहिलं आणि खोडलं. आळीचा क्रूस खारपाडीकडे तोंड करून उभा होता. पण शेजारचा बळीराम जत्रेला जायचा तो वडकूसच्या. मास्तरांचं डोकं चक्रावलं. शेवटी ते आळीतल्या सर्वांत म्हाताऱ्या ॲनीमायकडे गेले. ती ओटीवर कोलीम, बारीक सुकी मासळी, निवडत होती.

"माय, आपण कोणत्या गावचे?"

"इचारतो कोन, त्यावर हाय," माय हसली. "खाडीकडचा खाजनाचा बांध फुटला का खारपाडीवाले हाक द्यायचे. घरटी एक मानूस, मातीकामाला. तुझा आजा सांगायचा, आमी वडकूसचे."

"आणि वडकूसवाले आले की?"

"आमी खारपाडीचे! आख्ख्या आळीचं अंग वाचवलंन त्यानं."

"म्हणजे आपण कुठलेच नाही?"

"बाला, मास्तर तू. माला काय इचारतोस?"

हे लिहावं, तर नळ गेला. न लिहावं, तर खोटं. मास्तरांच्या कागदावर ती एक खोडलेली ओळच राहिली.

अमावास्येच्या उधाणाला बांध फुटला. दोन्ही गावांत हाकारे झाले. आळीत कोणी फिरकलंसुद्धा नाही. मास्तरांनी मागल्या दारचं फावडं उचललं.

"मास्तर, कोणाकडून चाललात?" बळीरामनं विचारलं.

"तेच कळत नाही रे."

बांधाच्या एका टोकाला खारपाडीची माणसं होती, दुसऱ्या टोकाला वडकूसची. मधलं भगदाड तसंच वाहत होतं. मास्तर चिखलात उतरले.

"ओ मास्तर, आमच्याकडचे का त्यांच्याकडचे?" खारपाडीचा सरपंच ओरडला.

आज्याचं उत्तर मास्तरांच्या ओठांवर आलं, पण खारपाडीला कोणतं द्यायचं आणि वडकूसला कोणतं, तेच आठवेना.

"आधी माती द्या हो!" ते म्हणाले.

माती आली. पण ती सरपंचाकडून नव्हती. मागे बळीराम घमेलं घेऊन गुडघाभर पाण्यात उभा होता आणि त्याच्यामागे आळीतून एकेक माणूस खाली येत होता.