मागाहून येणारे

गोदावरीनं खिडकीचा अडसर काढून बाहेर डोकावून पाहिलं. मागची वाट विहिरीकडं जात होती आणि तिथून ज्वारीच्या रानात शिरत होती. मग तिनं पलंगाची नवार तळहातानं दाबून बघितली, माठातलं पाणी हुंगलं आणि सोबत आणलेली काळी पुरुषी छत्री दाराजवळच्या खुंटीला अडकवली. दारात येणाऱ्याच्या नजरेला ती आधी पडावी, अशी.

"पसंत हाय न्हवं खोली?" दारातून शिवबाईनं विचारलं.

शिवबाई या बंगल्याची मालकीण. साठीची, उंच, कपाळावर विभूतीचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. हुरड्याच्या दिवसांत सोलापूरची माणसं चार दिवस रानात राहायला येत, त्यांना ती दोन खोल्या देई.

"छान आहे," गोदावरी म्हणाली. "हवा खेळती आहे."

"आन् मालक कवा येनार?"

"मागाहून. कामात अडकलेत जरा. उद्या-परवा येतील."

"काय नाव म्हनायचं त्यांचं?"

"गोपाळ दत्तात्रय मोहोळकर."

शिवबाईनं एकदा तिच्याकडं पाहिलं, एकदा छत्रीकडं. "बरं," ती म्हणाली. "हातपाय धुवून घ्या. गुरप्पा आगटी पेटवतोय." आणि ती गेली.

गोदावरी पलंगावर टेकली. झालं, पार पडलं. दरवेळी पहिला प्रश्न हाच असे.

मागाहून येणारं कुणीच नव्हतं. गोपाळ दत्तात्रय मोहोळकर प्लेगच्या साथीत वारले, तेव्हा ते मिसरूडही न फुटलेले पोरगे होते आणि गोदावरी परकरी वयातली. तिचं नशीब एवढंच, की वडिलांनी केस ठेवू दिले आणि शिकू दिलं. आता ती सोलापुरात मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती. भवानी पेठेत एक खोली, पांढरं लुगडं, मोकळं कपाळ, बिनबांगड्यांचे हात. वर्षातले तीनशे आणि काही दिवस ती अशीच असे आणि त्याबद्दल तिची तक्रारही नव्हती. पण सुट्टी लागली, की त्या खोलीच्या भिंती अंगावर येत.

एकट्या बाईला कुणी खोली देत नाही. एकट्या विधवेला तर नाहीच नाही. सुट्टीला आलेल्या हसऱ्या मंडळींना सकाळी उठल्याउठल्या तसलं कपाळ दिसलेलं आवडत नाही. पहिल्या वर्षी पाचगणीला एका खानावळवाल्यानं तिला हे तोंडावर सांगितलं होतं, वर चहा पाजून. तेव्हापासून तिनं हा उद्योग मांडला. बार्शीच्या बाजारातून काळी पोत आणि बांगड्या आणल्या, एक रंगीत लुगडं आणलं, कुंकवाचा करंडा आणला, ही छत्री आणली. गाव मागं पडलं, की एखाद्या झाडाआड थांबायचं, लुगडं बदलायचं, लहान आरशात बघून कुंकू लावायचं आणि पुढं जायचं. परतताना तिथंच पुसायचं. पन्हाळ्यावर ती अशी राहिली, माथेरानला राहिली. नळदुर्गला एका म्हाताऱ्या पारशिणीच्या घरी तर आठवडाभर राहिली. ती बाई दिवसभर मांजरांशी बोले आणि पाहुण्यांना काही विचारत नसे. असं सुख पुन्हा मिळालं नाही.

मामेबहिणीबरोबर जाते, असं ती शाळेत सांगे आणि तिथल्या बाया तिला मोठी जाणकार समजत. "गोदूताई, यंदा मामेबहिणीबरोबर कुठं? तुम्ही घरं कशी हो हुडकता?" त्यांना वाटे, ती नजारा बघते, पाणी बघते, स्वयंपाक बघते. ती बघे मालकाचं तोंड. कमी विचारणारा माणूस असेल, तर छप्पर गळलं तरी चालेल.

हा बंगला तिला कुंभारी गावच्या एका विद्यार्थिनीच्या तोंडून कळला होता. ती पोर शाळा सोडून केव्हाच सासरी गेली होती, त्यामुळं धोका नव्हता. बंगलाही मोठा मजेशीर. शिवबाईच्या मालकांनी कापसाच्या अडतीत पैसा केला, एकदा महाबळेश्वर पाहिलं आणि परत येऊन काळ्या रानात तसाच बंगला उठवला. तिकडं धो धो पाऊस म्हणून छप्पर उतरतं, तर इथंही उतरतं. इथं चार थेंब पडले तरी लोक बाहेर येऊन वर बघतात! खिडक्यांना लाल-हिरव्या काचा. दिवाणखान्याच्या भिंतीत साहेबाच्या घरात असते तशी शेकोटी. ती पेटवायची कुणाची छाती झाली नाही, म्हणून तिच्यात लसणाच्या जुड्या टांगलेल्या. बांधणारा माणूस दोन उन्हाळे राहून गेला, बंगला राहिला. गोदावरीला तो बघताक्षणी आवडला. आपल्यासारखाच, भलत्या जागी उभा आहे, असं तिला वाटलं.

संध्याकाळी आगटीभोवती घोंगड्या पसरल्या. खड्ड्यातल्या गोवऱ्यांच्या विस्तवात गडी गुरप्पा कणसं खुपसत होता आणि भाजलेलं कणीस शिवबाईकडं फेकत होता. शिवबाई ते तळहातावर चोळून, फुंकर मारून हिरवे दाणे समोरच्या ताटलीत टाकी. शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ. रानावरून गार वारा येत होता.

"खावा की. असं चिमनीसारखं काय टिपताय?"

"खाते आहे."

शिवबाईनं आणखी एक कणीस चोळलं आणि ते दाणे वेगळ्या वाटीत घालून वर फडकं झाकलं. "मालकास्नी ठिवते. रातच्याला आले तर उपाशी नगं."

गोदावरीचा घास तोंडातच राहिला. आजवर कुणी असं केलं नव्हतं. लोक 'बरं' म्हणत आणि विसरून जात. शिवबाई मात्र जेवण झाल्यावर कंदील घेऊन फाटकापर्यंत गेली, डोळ्यांवर हात धरून वाटेकडं बघत उभी राहिली आणि परत येऊन म्हणाली, "आज काय येत न्हाईत जनू. उद्या येतील." गोदावरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. भल्या बाईला आपण किती फसवतो आहोत! पण अंथरुणावर पडल्यावर तिला लाज वाटली त्याहून जास्त बरं वाटलं. गोपाळची वाट बघणारं आपल्याखेरीज दुसरंही कुणीतरी जगात आहे, याचं बरं वाटलं. ती खुळ्यासारखी अंधारात हसली आणि मग थोडं रडली.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर ती दिवाणखान्यात वाचत बसली होती, तोच फाटकाशी मोटार थांबल्याचा आवाज आला. पाठोपाठ एक खणखणीत आवाज आला आणि तिच्या हातातलं पुस्तक गळून पडलं.

हा आवाज तिच्या ओळखीचा होता. वकिलांच्या प्रभाबाई. त्यांची नंदू गोदावरीच्या वर्गात होती आणि वकीलसाहेब शाळेच्या मंडळात होते. तिनं लाल काचेतून पाहिलं. मोटारीतून प्रभाबाई उतरत होत्या, मागं वकीलसाहेब, गाद्यांच्या वळकट्या, डबे. दुसरी खोली मोकळीच होती.

गोदावरी धावत आपल्या खोलीत आली. पदराचं टोक माठात बुडवलं आणि कपाळापर्यंत नेलं. तिथं तिचा हात अडला. पुसावं, तर शिवबाईनं आणि गुरप्पानं कालपासून कुंकू पाहिलेलं. न पुसावं, तर प्रभाबाई आता दारात येणार. विधवा बाई कुंकू लावून परगावी राहते! कुणासाठी लावते, हा पुढचा प्रश्न मंडळाच्या बैठकीत सगळे पुरुष गंभीर तोंडानं विचारणार. नोकरी जाईल. भवानी पेठेतली खोली जाईल. आणि इतक्या वर्षांच्या पांढऱ्या लुगड्यावर दोन दिवसांच्या कुंकवाचा डाग पडेल तो पडेलच. ओल्या पदरातून पाणी ठिबकत होतं. तिला पुढं काही सुचेना.

बाहेर बोलणं चाललं होतं.

"दोन खोल्या आहेत ना तुमच्याकडं? एक द्या. इतकी धूळ खात आलोय हो!"

"न्हाय बाई. येकीत पावनी हाय. दुसरी तिच्या मालकांसाठी धरलीया."

"म्हणजे नवऱ्याला वेगळी खोली?" प्रभाबाई हसल्या. "ही कुठली तऱ्हा?"

"मोठं मानूस हाय ते. त्यास्नी येकांत लागतुया."

"बरं, मग निदान हुरडा तरी खाऊन जातो. आणि कोण पाहुणी आहे? सोलापूरची असेल तर ओळख निघेल. बोलवा की तिला."

"अक्कलकोटाच्या बी पल्याडची हाय," शिवबाई शांतपणे म्हणाली. "तिला मराठी येत न्हाय."

आत मराठीच्या बाई भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"बाई गं! अजिबात नाही?"

"येक अक्षर न्हाय. आन् हुरड्याचं म्हनाल, तर आज सोमवार. सोमवारी आमी आगटी पेटवत न्हाय."

"अहो, पण तो धूर दिसतोय की!"

"कालचाच हाय त्यो," शिवबाई म्हणाली आणि मागं वळून ओरडली, "गुरप्पा! इझव की रं ते!"

वकीलसाहेबांनी घड्याळ काढलं आणि ते काहीतरी पुटपुटले. प्रभाबाईंनी 'पुन्हा म्हणून इकडं यायचं नाव काढणार नाही' हे दोनदा ऐकवलं. मोटारीचं दार आपटलं. धूळ खाली बसेपर्यंत शिवबाई फाटकात उभी होती.

मग ती आत आली. गोदावरी तशीच उभी होती. ओला पदर हातात, कुंकू अर्धं पसरलेलं. शिवबाईनं ते पाहिलं.

"गुरप्पानं खरंच पानी वतलं की वो आगटीवर," ती म्हणाली. "येडं हाय. आता परत पेटवाय लागंल. चला."

आगटी पुन्हा धरेपर्यंत दुपार कलली. गोवऱ्या ओल्या झाल्यामुळं धूर फार होत होता. गुरप्पा कणसं मोडायला रानात गेला, तेव्हा गोदावरी म्हणाली,

"तुम्हाला कधी कळलं?"

"तुमी नाव सांगितलं तवाच."

"नाव?"

"आवो, नवऱ्याचं नाव कुनी बाई असं फडाफडा सांगती व्हय? बापाच्या नावासकट! मी जलमभर संसार केला. मालक जाऊन वर्सं झाली, तरी आजबी नाव घ्याचं म्हनलं, की जीभ टाळ्याला चिकटती. शेजारनीला सांगाय लावते. तुमी तर कचेरीत सांगावं तसं सांगितलं."

गोदावरीला हसू आलं. खरंच की. ट्रेनिंग कॉलेजात, शाळेत, सरकारी तपासनिसासमोर, जिथं तिथं तिला विचारलं गेलं होतं, पतीचं नाव? आणि तिनं खालच्या मानेनं नव्हे, सरळ सांगितलं होतं. हे नाव घ्यायला लाजायचं असतं, उखाणा घालून, आग्रह करून घेतल्यावर घ्यायचं असतं, हे शिकण्याआधीच नाव नुसतं कागदावर लिहायचं उरलं. पोत आणली, कुंकू आणलं, छत्री आणली आणि नेमकं हेच तिच्या ध्यानात आलं नाही.

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलायचं? तुमी वाट बघत हुता. म्हनलं, बघू आपनबी."

गोदावरीनं एक गोवरी विस्तवात सरकवली.

"कसं हुतं मानूस?" शिवबाईनं विचारलं.

हा प्रश्न तिला आजपर्यंत कुणीच विचारला नव्हता. आईनं नाही, वडिलांनी नाही. नाव विचारत, साल विचारत. कसा होता, ते नाही. तिनं आठवून पाहिलं आणि तिच्याकडं फार थोडं निघालं.

"लग्नात सुपारीचा खेळ झाला," ती म्हणाली. "त्यांच्या मुठीत सुपारी. मी दोन्ही हातांनी सोडवायची. माझी बोटं एवढीएवढीशी. सगळ्या बायका हसत होत्या आणि मला रडू फुटायला आलं. तर त्यांनी कुणाला दिसणार नाही अशी मूठ सैल केली. मी जिंकले. त्यांना सगळ्यांनी चिडवलं, बायकोनं हरवलं म्हणून. ते काही बोलले नाहीत."

"आन् पुढं?"

"पुढं काही नाही. एवढंच आहे."

शिवबाईनं काठीनं विस्तव उकरला. मग तिनं विस्तवातलं एक कणीस ओढून काढलं, चोळलं, फुंकर मारली आणि दाणे मुठीत घेऊन ती मूठ गोदावरीपुढं धरली.

"सोडवा."

"अहो, काहीतरीच!"

"सोडवा म्हनते न्हवं?"

गोदावरीनं इकडंतिकडं पाहिलं. मग तिनं दोन्ही हातांनी ती मूठ धरली. म्हातारीच्या बोटांत रानातल्या बाईचा जोर होता आणि तिनं मूठ तसूभरही सैल केली नाही. गोदावरीनं एक बोट उचकटलं, तर दुसरं मिटे. तिचा पदर घसरला, पोत मागं फिरली, अर्धवट कुंकवावर घाम आला. "सोडा हो!" म्हणत ती हसायला लागली. गुरप्पा कणसांचा भारा घेऊन आला, तेव्हा दोघी धुरात डोळे पुसत बसल्या होत्या आणि हुरडा घोंगडीवर सांडला होता.

निघायच्या दिवशी सकाळी गोदावरीनं विहिरीवर, उघड्यावरच तोंड धुतलं. पोत आणि बांगड्या काढून पिशवीत टाकल्या. पांढरं लुगडं नेसून ती मोकळ्या कपाळानं ओसरीवर आली. कुंकू पुसायला वाटेतल्या बाभळीखाली थांबायचं आता काही कारण नव्हतं. शिवबाईनं तिच्या कपाळाकडं एकदा पाहिलं. तिनं पिशवीत हुरड्याची पुरचुंडी ठेवली आणि फाटकापर्यंत आली.

दूर सोलापूरच्या गिरण्यांचा धूर दिसत होता. गोदावरी वाटेला लागली, तशी मागून हाक आली.

"अवो बाई! मालकांची छत्री ऱ्हायली की!"

गोदावरी थांबली. मागं वळून तिनं पाहिलं. शिवबाई फाटकात छत्री उंच धरून उभी होती.

"असू द्या तिथंच," गोदावरी म्हणाली. "हे मागाहून येणार आहेत."