उशाशी ठेवलेली चप्पल

मी एक चामडी चप्पल बोलतेय. नेमके सांगायचे तर जोडीतली उजवी. गेवराईच्या एका कारागिराने आम्हा दोघींना एकाच कातड्यातून कापले. उमापूरचे कापडदुकानदार सिद्धेश्वरअप्पा आम्हाला घालून दुकानी जात आणि उंबरठ्याबाहेर काढून ठेवत. ती जागा मला मान्य होती.

मग त्यांच्या सुनेला, वर्षाराणीला, झटके येऊ लागले. मेंदूत गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली, दोन औषधे सुरू झाली. तरी झटके थांबेनात. ब्लाउजपीस सरळ कापावा तर तिनेच, अशी दुकानात तिची ख्याती होती. आता तिची कात्री सासूबाई महानंदा यांनी सर्वांत वरच्या फळीवर ठेवली. ती परत हातात यावी, एवढेच वर्षाराणीचे मागणे होते.

कातडे हुंगवले की फिट उतरते, असे शेजारणीने सांगितले आणि मी उचलली गेले. जिने कधी उंबरठा ओलांडला नव्हता, ती मी देवघरासमोरून थेट सुनेच्या उशाशी पोचले. अप्पा रबरी चपला वापरू लागले. माझी जोडीदारीण बाकाखाली धूळ खात राहिली.

माझ्या कर्तृत्वाविषयी मला आरंभापासून शंका होती. बहुतेक झटके थोड्याच वेळात आपले आपण थांबतात. मी नाकाशी असताना थांबले, म्हणून माझ्यामुळे थांबले, असे सिद्ध होत नाही. पण चपलेचे मत कोण विचारतो?

तपासणीला जाताना महानंदाबाईंनी मला पिशवीत घातले आणि शहरातल्या डॉक्टरीणबाईंसमोर अभिमानाने काढून दाखवले.

“लई गुणाची हाय ही.”

“म्हणजे गोळ्या माझ्या आणि नाव हिचं?” डॉक्टर हसल्या.

तेव्हा वर्षाराणी हळूच म्हणाली, “पण हिचा वास मला, ही नाकाशी न धरताच येतो. एकदा रबरी चप्पल तुटली म्हणून अप्पा हिला घालून आष्टीला गेलते, तरी आला. पोटात कसंतरी होतं, जरा वेळ काही सुधरत न्हाई, मग जातो.”

डॉक्टरांचे पेन थांबले. असे कितीदा होते, त्यांनी विचारले. जवळजवळ रोज, असे उत्तर आले.

“मग सांगितलं कावून न्हाई गं?” महानंदाबाईंचा आवाज उतरला.

“चप्पल उशालाच की, आत्याबाई. म्हणलं, तिचाच असंल.”

तो वास हाच एक लहान झटका, डॉक्टरांनी समजावले; गाठ काढली ती जागा वासाच्या केंद्राजवळची. आजवर सर्वांनी फक्त मोठे झटके धरले आणि औषधाची परीक्षा अर्धीच झाली. त्यांनी मेंदूचे नवे चित्र काढवले. गाठ वाढलेली नव्हती. एक औषध बदलले, नवे हळूहळू वाढवले. झटका आला तर कुशीवर वळवा, नाकातोंडाशी काहीही नेऊ नका, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपुढे गेला तर लगेच दवाखाना गाठा, असे बजावले. झटके पूर्ण थांबतील, असे वचन मात्र दिले नाही. मला ते आवडले.

आता मोठे झटके विरळ झाले आहेत. कात्री एक फळी खाली आली आहे. हातात अजून नाही.

मी पुन्हा जोडीदारणीशेजारी उंबरठ्याबाहेर असते. कधी वर्षाराणी म्हणते, “वास आला.” महानंदाबाई आधी दाराकडे पाहतात. मी बाहेरच दिसते, म्हणजे वास झटक्याचाच. मग त्या सुनेला सतरंजीवर कुशीवर निजवतात आणि घड्याळाकडे नजर लावतात.

वाचकहो, मला पायातच राहू द्या. त्या घराला माझा खरा उपयोग झाला, तो मी उशाशी नसल्याने.