आधी उलटवून दाखवा

१९८३ सालच्या जानेवारीत सावळीरामने मनाशी पक्कं केलं, की आता पुन्हा शिडाची होडी चालवायची. पंधरा वर्षं नौदलात काढून तो नाशिकला परतला होता, ओझरच्या कारखान्यात पत्र्याच्या कामाला लागला होता, आणि त्याला आता बारा वर्षं होत आली होती. तेवढ्या काळात त्याने साध्या नावेतही पाय ठेवला नव्हता. मधे कारखान्यात शिडीवरून पडून डावा गुडघा गेला. साध्या शिडाच्या होडीत पाय पोटाशी घेऊन बसावं लागतं, ते आता जमणार नव्हतं. म्हणून कॅटामरान. दोन अरुंद, बंद होडकी शेजारी शेजारी, आणि मधे खाटेसारखं ताणलेलं कॅनव्हास. त्यावर पाय लांब करून बसता येतं.

नवी मिळण्याची सोयच नव्हती. जुनीच शोधायची होती.

"घ्या," झुंबर म्हणाली. "पण घेण्याआधी मला दाखवा."

बायकोला का दाखवायचं, हे त्याला सांगावं लागलं नाही. नौदलात असताना एका शर्यतीत त्याची होडी उलटली होती. साडेतीन तास तो पाण्यात होता, आणि तेवढा वेळ झुंबर धक्क्यावर उभी होती.

पहिली होडी गंगापूर धरणाच्या काठावर सापडली. एका बिल्डर शेठने ती हौसेने मुंबईहून आणली होती. लाल रंग असा चकचकीत, की झुंबरसुद्धा थबकली. सावळीरामने मात्र खिशातून रुपयाचं नाणं काढलं आणि होडक्यावर टोकापासून ठोकत निघाला. टण, टण, टण, आणि मग एकदम भद्द. त्याने तिथेच पुन्हा ठोकलं. मग एकेक होडकं मागून उचलून पाहिलं. डावं उचलेना, आणि आत पाणी डचमळल्याचा आवाज आला.

"रंग कधी दिला, शेठ?"

"मागच्याच आठवड्यात. विकायची म्हणून."

"रंगाखाली चीर आहे. नको मला."

शेठने भाव उतरवून पाहिला. सावळीराम तोवर सायकलकडे चालू लागला होता.

दुसरी होडी पाहायला दोघं एस.टी.ने इगतपुरीच्या बाजूला, दारणा धरणावर गेले. ही होडी तिथेच राहणाऱ्या विमलाबाईंच्या यजमानांनी, धरणावरच्या जुन्या इंजिनिअरसाहेबांनी, प्लायवूड आणि फायबर वापरून घरीच बांधली होती. साहेबांची नजर अधू झाली, म्हणून विकायला काढलेली. रंग उडालेला, शिडाला तीन ठिगळं, एका सुकाणूची पट्टी तुटलेली. सावळीरामने नाणं ठोकलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच आवाज. दोन्ही होडकी सारख्याच वजनाने उचलली गेली. डोलकाठी जिथे बसते तिथे त्याने खिळ्याने टोचून पाहिलं. लाकूड कडक होतं.

"पट्टी मी कारखान्यात बनवीन," तो म्हणाला. "बाकी होडी ठणठणीत आहे."

"मग आधी उलटवून दाखवा," झुंबर म्हणाली. "आणि एकट्याने सुलटी करा. नाही जमलं तर घ्यायची नाही."

विमलाबाई हसल्या नाहीत. "बरोबर बोलतेय ती. साहेबही उलटवून उलटवूनच शिकले."

सावळीरामने अंगात लाइफ जाकीट चढवलं, तुटक्या पट्टीला दोरी गुंडाळली आणि होडी पाण्यात लोटली. शीड भरलं तसे त्याचे हात आपोआप कामाला लागले. काठापासून हाकेच्या अंतरावर त्याने शिडाची दोरी मुद्दाम आवळून धरली. एक होडकं हवेत उठलं, उभं राहिलं, आणि होडी आडवी झाली.

खालच्या होडक्यावर उभं राहून, वरच्या होडक्यावरून टाकलेली दोरी धरून त्याने पाठ मागे झोकून दिली. होडी हललीसुद्धा नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की वारा शिडावर वरून दाबतोय. तो पोहत पुढच्या टोकाशी गेला, होडी फिरवली, डोलकाठीचा शेंडा वाऱ्याकडे केला. आता शीड फूटभर उचललं गेलं आणि पुन्हा आपटलं. तिसऱ्यांदा तेच. गुडघ्यातून कळ निघाली.

त्याने होडी ओढत काठाशी आणली. ओठ काळेनिळे पडले होते.

"पुरे करा आता," विमलाबाई म्हणाल्या.

"पुरे नाही," तो म्हणाला. "वजन कमी पडतंय. पन्नास किलोचा माणूस मी."

झुंबरने त्याच्याकडे पाहिलं. मग भाकरी आणलेली जाड कॅनव्हासची पिशवी तिने गवतावर रिकामी केली आणि त्याच्यापुढे धरली. "हिच्यात पाणी भरा आणि पाठीला बांधा. बुडालेली घागर पाण्यात जड लागत नाही, वर काढली की लागते."

"एकट्यानेच करायचं होतं ना?"

"पिशवी म्हणजे काय माणूस आहे?"

होडी पुन्हा खोल पाण्यात नेऊन चौथ्या वेळी तो पिशवीसकट मागे झुकला. पट्टे खांद्यात रुतले. शीड पाण्यातून सुटलं, वारा त्याच्या खाली शिरला, आणि डोलकाठी सावकाश, मग एकदम वर आली. होडी धपकन सुलटी बसली. सावळीराम कॅनव्हासवर पालथा पडून धापा टाकत राहिला. काठावरून झुंबर ओरडली, "अहो, आणखी एकदा!"

त्याने आणखी एकदा करून दाखवलं. मगच तिने मान हलवली. विमलाबाईंनी दोन्ही होडक्यांची बुचं उघडून दाखवली. आत थेंबभरही पाणी नव्हतं.

लासलगावला कांदा भरायला निघालेल्या रिकाम्या ट्रकमधून होडी गंगापूरला आली. मार्चच्या पहिल्या रविवारी नवी पट्टी बसवून सावळीराम एकटाच धरण ओलांडून पलीकडे गेला. तिथे कपडे धूत असलेल्या बायकांनी हात थांबवून विचारलं, "कुठून आला वं, दादा?"

"समोरून आलो," तो म्हणाला आणि होडी वळवली. "आता परत चाललोय."