कुठला परवा?

मित्रांनो, ऑफिसातल्या मोठ्या टेबलाच्या मधोमध तीन पाय पसरून बसलेला काळा फोन तुम्ही पाहिला असेल. त्याला कानाला लावायचा रिसीव्हर नसतो. सगळे त्याच्याभोवती बसतात, एकदम बोलतात आणि वर 'ऐकू येतंय का?' म्हणून त्याच्यावरच ओरडतात. तो मी. आता जुना झालोय. एका पायाचं रबर गेलंय आणि पाठीवर कपांचे गोल डाग पडलेत. बशी नावाची वस्तू जगात आहे, हे या ऑफिसात अजून कोणाला कळलेलं नाही.

माझा जन्म कारखान्यात झाला. तिथल्या एका बाईंनी माझ्याभोवती फिरत, हळू आवाजात बोलून माझे कान तपासले आणि 'हा चांगला ऐकतो' असं म्हणून मला खोक्यात घातलं. माझ्या वाट्याला आलेलं सगळ्यात मोठं कौतुक तेच. त्यानंतर मी ऐकतोच आहे, आणि ऐकून ऐकून माझे कान किटलेत.

मी आलो ते आजारी माणसांना घरून दवाखान्यात नेणाऱ्या गाड्यांच्या ऑफिसात. मालक आणि त्यांची थोरली बहीण मिळून ते चालवतात. बहिणीला सगळे ताई म्हणतात. फोन घेणार ताई, गाडी पाठवणार ताई, ड्रायव्हर रुसला तर समजूत काढणारीही ताईच. या दोघांची मावशी म्हणजे त्यांचं पहिलं गिऱ्हाईक. तिची मूत्रपिंडं काम करत नाहीत, म्हणून दिवसाआड दवाखान्यात जाऊन यंत्रावर रक्त शुद्ध करून घ्यावं लागतं. गाडी यायच्या कितीतरी आधी ती चपला घालून, दारात खुर्ची टाकून बसते.

गाड्या वाढल्या आणि ताईच्या नाकी नऊ आले. मग ठरलं, गाड्यांचा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर परदेशात स्थायिक झालेल्या मराठी माणसांच्या एखाद्या कंपनीकडून करून घ्यायचं. दोन कंपन्या माझ्यातून बोलल्या.

पहिल्या कंपनीच्या बाई नुसत्या प्रश्न विचारत होत्या. "गाडी रद्द कोण करू शकतं? पेशंट, की घरचे?" "तुमच्याकडे सकाळ असेल तेव्हा आमच्याकडे मध्यरात्र असते. सकाळी काही बिघडलं तर आमच्यातलं जागं कोण असेल, ते आधीच ठरवू या का?" आणि मग, "एखाद्या दिवशी गाडी गेलीच नाही, तर कोणाचं काय होईल?" ताईने मावशीची सगळी हकिकत सांगितली. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. मालकांनी विचारलं, महिन्याभरात होईल का? त्या म्हणाल्या, "नाही. घाईत केलं तर तुम्हालाच त्रास होईल."

माझ्या डोक्यावर एक बटण आहे, मित्रांनो. ते दाबलं की लाल दिवा लागतो आणि पलीकडच्यांना इकडचं ऐकू जात नाही. मला मात्र येतं. माणसं खरं बोलतात ती तो दिवा लागल्यावरच. मालकांनी बटण दाबलं.

"ताई, ही कंपनी आहे की प्रश्नपत्रिका? आणि भाव बघ, दुप्पट!"

"अरे, विचारतेय म्हणजे तिला आपलं काम समजून घ्यायचंय."

"तिने समजून घ्यायचं, आणि पैसे आपण द्यायचे?"

दुसऱ्या कंपनीचा माणूस मधाळ होता. महिन्याभरात? "होऊन जाईल." निम्म्या पैशात? "होऊन जाईल." आजवर असं काम केलंय? "हो हो, होऊन जाईल." या उत्तराचा प्रश्नाशी काही संबंध आहे का? मला कपाळ असतं तर मी तिथेच हात मारून घेतला असता, पण मला हातही नाहीत. लाल दिव्यात मालक चुटकी वाजवून म्हणाले, "याला म्हणतात काम! एक प्रश्न विचारला का त्याने?"

नाही ना विचारला! तेच तर सांगतोय मी! पण बोलक्या डब्याचं ऐकतो कोण? ताईने त्याचं नाव 'होयबा' ठेवलं. काम होयबालाच मिळालं.

मग सुरू झाली फजिती. दर आठवड्याला पलीकडे नवा आवाज. "आधीचे गेले, मी कालच आलोय." ताईने पुन्हा पहिल्यापासून सांगायचं, नव्या माणसाने "हो हो" म्हणायचं आणि पुढच्या आठवड्याला तोही गायब. एकच गोष्ट ऐकून मी इतका वैतागलो की माझी खरखर सुरू झाली. त्यावर मालकांनी उपाय काय केला, तर मला दोन थपडा मारल्या.

एकदा मालक म्हणाले, "होऊन गेलेल्या फेऱ्या उगाच गर्दी करतायत. परवाच्या अजून दिसतायत. काढून टाका त्या."

"होऊन जाईल."

आणि झालं! पण मित्रांनो, आपला 'परवा' दोन तोंडांचा. एक मागे पाहतो, एक पुढे. होयबाच्या माणसांनी येणाऱ्या परवाच्या फेऱ्या पुसल्या. कुठला परवा, एवढे दोन शब्द विचारायला जीभ झिजली असती का?

त्या परवाच्या सकाळी ड्रायव्हर हजर होते आणि त्यांच्या मोबाइलवर एकही फेरी नव्हती. 'आज सुट्टीच दिसतेय' म्हणत ते गाडीत पेपर वाचत बसले. ऑफिसचा फोन मात्र वाजायचा थांबेना. सगळे पेशंट एकदम फोन करत होते, त्यामुळे मावशीचा लागलाच नाही. ती चपला घालून दारात बसून राहिली. ताई स्वतः गाडी घेऊन धावली, पण पोहोचेपर्यंत दवाखान्यातलं यंत्र दुसऱ्याला दिलं होतं. दुसऱ्या दिवशीची वेळ मिळाली. त्याआधीच मावशीला धाप लागली. छातीत पाणी साठलं होतं. तिला अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

मालकांनी होयबाला फोन लावला.

"अहो, मी गेलेल्या परवाच्या म्हणालो होतो!"

"हो हो, बरोबर आहे."

"माझी मावशी आयसीयूत आहे!"

"हो हो. बघतो आम्ही, होऊन जाईल."

मालकांनी फोन ठेवला आणि डोकं धरून बसले. मला फार वाईट वाटलं.

मावशी वाचली. निस्तरता निस्तरता वाचवलेले पैसे गेले आणि वर आणखी गेले. मग मालकांनी प्रश्नपत्रिकाबाईंना फोन केला आणि आधी बरंचसं खाकरले. बाईंनी पहिला प्रश्न विचारला, "त्या तुमच्या मावशी होत्या ना, कशा आहेत त्या?"

मालकांचं बोट बटणाकडे गेलं आणि तसंच मागे आलं. त्यांनी जे घडलं ते सगळं सांगितलं.

आता कामाचं बोलताना कोणी 'परवा' म्हटलं की बाई लगेच अडवतात, "कुठला परवा?" मालक म्हणतात, "विचारा बाई, विचारा!"

मित्रांनो, उद्या तुम्हीही कोणावर तरी काम सोपवाल. भाव जरूर विचारा. पण समोरचा तुम्हाला काय विचारतोय, तेही नीट ऐका. जो काहीच विचारत नाही, तो स्वस्त नसतो हो! आणि कृपा करून माझ्या डोक्यावर कप ठेवू नका.

आता थांबतो. माझ्यावर फोन आलाय. मावशीच आहे.

"ताई, परवा गाडी येणार ना गं? येणारा परवा म्हणतेय मी, गेलेला नव्हे."

पूर्वी असं विचारायला ती कधीच फोन करत नसे.