पुढच्या तासाला

प्रोफेसर म्हांगोंनी बोट जिभेला लावून फाइलीचं पान उलटलं आणि त्यांचा चेहरा एकदम सैल झाला.

"हे बघ, आहे ना इथे! चौदा मार्च. कडू कसावा: सोलणे, भिजवणे, वाळवणे. दोन तास. अगं, हे आधी का नाही दाखवलंस? आठ दिवस माझ्या डोळ्याला डोळा नाही."

पान तावोंगाच्या बाजूने उलटं दिसत होतं, तरी स्वतःचं अक्षर तिला ओळखू आलं. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा नेटकं आलं होतं.

आठ दिवसांपूर्वी तिच्या वर्गातल्या यामिकानीची शवपेटी कॉलेजच्या ट्रकमधून त्याच्या गावी, देड्झाला गेली होती. त्याने आणि त्याच्या खोलीतल्या मावुतोने तिच्या संशोधनाच्या शेतातले कसाव्याचे कंद उपटून, शिजवून खाल्ले होते. मेसमध्ये तीन दिवस मका नव्हता. दोघंही डोंगराकडची, मक्यावर वाढलेली पोरं. त्यांच्या गावचा कसावा गोड, येताजाता कच्चाच चघळायचा. इथला सरोवराकाठचा कडू कसावा नीट भिजवला नाही तर माणूस मारतो. मावुतो वाचला. बाकीच्या पोरांना मका येईपर्यंत घरी पाठवून दिलं होतं.

"फेलोशिपच्या बाई उद्या येतायत," म्हांगो म्हणाले. "पोर तुझ्या शेतातलं खाऊन गेलं, म्हणजे त्या विचारणारच. पण आता काळजी नाही. तू शिकवलं होतंस. त्यांनी ऐकलं नाही, त्याला तू काय करणार?"

ती फेलोशिप देशात एकालाच मिळायची. निम्मे गुण संशोधनाला, निम्मे शिकवण्याला, आणि शिकवण्याच्या फाइलीत एक तास जरी कमी भरला तरी अर्ज बाद. ती मिळाली नाही तर तावोंगाची पीएचडी तिथेच संपणार होती. चार वर्षं तिने त्या शेतावर काढली होती.

चौदा मार्चला ती वर्गात गेलीच नव्हती. कंद उपटले की काही तासांत त्यांतलं विष मोजावं लागतं. ती दिवसभर चिखलात बसून कंद तोलत होती. फाइलीतली ओळ तिने संध्याकाळी भरली. त्यात फारसं वावगं तेव्हा वाटलं नव्हतं. ती सरोवराकाठची. कसावा किती भिजवायचा हे तिला कुणी कधी शिकवलं नव्हतं, कळत्या वयाच्या आधीपासून ते माहीतच होतं. हे काय शिकवायचं, असं तिला खरंच वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी राजधानीतून, लिलाँग्वेहून, फेलोशिपच्या मिसेस काम्वेंडो आल्या. जाड भिंगांचा चष्मा, गुडघ्यांवर पर्स. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून वाचली आणि मग म्हणाल्या, "त्या मुलाला बोलवा."

मावुतो भिंतीला हात लावत आत आला. इस्पितळातून येऊन त्याला दोनच दिवस झाले होते. खुर्चीत बसल्यावर त्याने थरथरणारे हात मांड्यांखाली घेतले.

"बाळा, घाबरू नकोस. कडू कसावा कसा खायचा, हे मॅडमनी वर्गात दोन तास शिकवलं होतं का?"

मावुतोने तावोंगाकडे पाहिलं. आता हा नाही म्हणणार, एकदाचं म्हणून टाकू दे, असं तिला वाटलं. थोडं हलकंही वाटलं.

"हो," तो म्हणाला. "दोन तास शिकवलं. बादली आणून दाखवलं होतं. आमचं लक्ष नव्हतं."

"दोघांचंही?"

"यामिकानी तर झोपलाच होता."

म्हांगोंनी सुस्कारा सोडला. मिसेस काम्वेंडोंनी चष्मा काढून पुसला. "वाईट झालं," त्या म्हणाल्या. "माझ्या अहवालासाठी तुझी वही लागेल रे. उद्या सकाळी आणून दे."

तावोंगाला बोलता आलं असतं. तिने तोंड उघडलंही, आणि विचारलं, "चहा घेणार का?"

मिसेस काम्वेंडो जायला उठल्यावर ती मावुतोच्या मागोमाग व्हरांड्यात आली. तो पायरीवर बसला होता.

"असं का सांगितलंस?"

"तुम्ही आमच्यावर चोरीची तक्रार केली नाहीत, मॅडम. दुसऱ्या कुणी मला काढून टाकलं असतं. घरी काय तोंड दाखवलं असतं मी?" मग तो खाली बघत म्हणाला, "आणि यामिकानीला आता काय फरक पडतो?"

"तो झोपला नव्हता."

"नाही. तो कधीच झोपायचा नाही तुमच्या तासाला."

त्याने पिशवीतून वही काढून मांडीवर उघडली. बारा मार्चचं पान. वर मथळा होता, कडू कसावा. खाली एकच ओळ: विष उतरवण्यासाठी पाण्यात भिजवणे. त्याखाली पान कोरं होतं. तो तास तावोंगाला आठवला. घंटा झाली होती, तिने खडू खाली ठेवला होता, आणि किती दिवस ते पुढच्या तासाला सांगते, असं म्हणत ती शेताकडे निघाली होती.

"किती दिवस असतं ते?" मावुतोने विचारलं.

"तीन," ती म्हणाली. "निदान तीन."

"आम्ही एक रात्र ठेवला होता, मॅडम. यामिकानी म्हणाला, मॅडम म्हणाल्यात पाण्यात भिजवायचा, म्हणजे एक रात्र पुरेल."

तावोंगा पायरीवरच बसली. तिला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही.

मावुतोने पान उलटलं. एका हाताने दुसरं मनगट धरून त्याने अक्षरं काढली, तीन दिवस, आणि खाली रेघ मारली. मग पेन पानाच्या वरच्या कोपऱ्यात नेऊन तो थांबला.

"तारीख कुठली घालू?"

अंगणात म्हांगो मिसेस काम्वेंडोंच्या गाडीचं दार उघडून उभे होते.

"चौदा," ती म्हणाली. "चौदा मार्च."