अंगाऱ्याची तांबडी पुडी

गुरुवारी सकाळी महाराजांच्या अंगणात चप्पल ठेवायला जागा उरत नसे. शेलूबाजारकडून जीपा भरून यायच्या. उतरायच्या त्या बायाच. पुढे सासू, मागे सून. महाराज सगळ्यांना एकच प्रसाद द्यायचे, अंगाऱ्याच्या पुड्या. तीन आठवडे रोज एक पांढरी, मग आठवडाभर तांबडी. तांबडी सुरू झाली की दोन-चार दिवसांत पाळी येणार म्हणजे येणार.

"पांढऱ्या पुडीत देवी कूस धरते, तांबडीत सोडते!" महाराज डोळे मिटून सांगायचे. मिटलेल्या डोळ्यांना दक्षिणापेटी मात्र बरोबर दिसायची.

मी या गावच्या शाळेत शिकवते. महाराजांवर माझा काडीचा विश्वास नव्हता, पण पाळी ठरल्या वेळी कशी येते, हे कोडं मलाही सुटत नव्हतं.

योगिनी माझ्याच हाताखाली शिकलेली आणि गावातच दिलेली. तिला दोन मुली. धाकटीच्या वेळी रक्तदाब इतका चढला होता, की मायलेकी जेमतेम वाचल्या. पण सासू दुर्गाबाईंना नातू हवा होता.

"बाई, आता तिसऱ्या खेपेले मी वाचत नाही," ती एकदा शाळेच्या फाटकाशी म्हणाली.

"मग माझ्यासोबत चल. आपल्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर स्नेहा तपासून काय घ्यायचं ते सांगतील."

"तिथं गेली का घरी माहीत पडते. कायले गेली, कोनाले इचारून गेली... महाराजाकडं जायाले सुनेले कोनी अडवत नाही."

तिचं खरं होतं. आणि महाराजांचा सगळा धंदा या एका गोष्टीवर उभा होता. ते सासूला म्हणायचे, "कूस शुद्ध होऊन राह्यली, माय. वर्षभर धीर धर, पोरगाच होते." आणि सुनेच्या मनगटाला दोरा बांधताना हळूच, "पुडी चालू हाय तोवर काही राह्यत नाही. बिनघोर राह्य." सासूही खूश, सूनही खूश. दोघी एकाच पायावर डोकं ठेवायच्या.

दुर्गाबाई रोज सकाळी स्वतःच्या हाताने सुनेला पुडी द्यायच्या. योगिनी गुमान घ्यायची. मग तिचं डोकं दुखायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. दुर्गाबाईंनी महाराजांना विचारलं.

"देवी वर चढून राह्यली. डोस्कं दुखनच!"

एका सकाळी पाण्याचा पेला हातात असतानाच योगिनी कोसळली. तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. आम्ही तिला आरोग्य केंद्रात नेलं. डॉक्टर स्नेहांनी रक्तदाब पाहिला आणि तडक वाशिमसाठी गाडी बोलावली.

"मावशी, हिला कोणतं औषध चालू होतं?"

"औषध नाही, अंगारा हाय," म्हणत दुर्गाबाईंनी पदराच्या गाठीतली पुडी काढली. पांढऱ्या भुकटीत न कुटलेला गोळीचा अर्धा तुकडा राहिला होता. डॉक्टर तो हातात घेऊन बघत राहिल्या.

पुढच्या गुरुवारी त्या खलबत्ता घेऊन महाराजांच्या अंगणात आल्या. दुर्गाबाई आणि मी सोबत होतो. पाळणा लांबवायच्या गोळ्यांचं एक पाकीट सगळ्यांना दाखवलं. पांढऱ्या गोळ्या कुटल्या, पांढरी भुकटी. शेवटच्या ओळीतल्या तांबड्या कुटल्या, तांबडी भुकटी.

"पांढरी गोळी थांबली की पाळी येते. तांबड्यांत नुसतं लोह असतं. यात देवी कुठं आली?"

महाराज हात वर करून म्हणाले, "देवी गोळीतही वास करते, बेटा!"

"मग देवीनं योगिनीचं बीपी काहून नाही पाह्यलं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "गोळी वाईट नाही. लाखो बाया घेतात. पण जिचं बीपी चढतं तिला ही द्यायची नसते. आधी मोजावं लागतं, विचारावं लागतं. तिच्यासाठी दुसरे उपाय होते."

दुर्गाबाई मटकन खाली बसल्या.

"म्हंजे मी माया हातानं..." एवढंच म्हणाल्या. मग हंबरडा फोडला. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण त्या क्षणी नाही आला.

पोलिस आले, महाराजांना घेऊन गेले. योगिनी वाचली, पण वाचा गेली. माझ्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारणारी मुलगी होती ती.

आता दुर्गाबाईच तिला हात धरून आरोग्य केंद्रात आणतात. रांगेतल्या सुना मान खाली घालून बसलेल्या असतात. त्यांना त्या एकच सांगतात, "लाजू नका, पोरींनो. डॉक्टरले इचारा. अन् सासू पुडी देईन, तर तिलेही इचारा, यात काय हाय मनून."

मलाही याहून वेगळं काही सांगायचं नाही. विचारा. मूल कधी हवं, हवं की नको, हे विचारायला दवाखान्यात जाणं ही चोरी नाही. घरच्यांनो, सुनेला महाराजाकडे जाताना अडवत नाही, तर दवाखान्यात जातानाही अडवू नका.

परवा डॉक्टरांनी योगिनीच्या दंडाला रक्तदाब मोजायचा पट्टा बांधला. तिने डाव्या हाताने रांगेत शेजारी बसलेल्या एका मुलीचा दंड ओढला आणि पट्ट्याखाली धरला. नुसत्या डोळ्यांनी सांगत होती, हिचंही मोजा. ती मुलगी नुकतीच लग्न होऊन गावात आली होती. डॉक्टरांनी तिचंही मोजलं.